जंपिंगवाला खैरनार

साठी उलटलेला माणूस इस्त्रीचा शर्ट, फॉर्मल पँट आणि गळ्यात टाय अशा वेशात पोरांच्या जंपिंगमध्ये उड्या मारताना तुम्ही पाहिला नसेल. मी पुष्कळदा पाहिला आहे. जंपिंग म्हणजे वाढदिवसाला लॉनवर आणून ठेवतात तो हवा भरलेला रबरी किल्ला. ते भाड्याने द्यायचा मधुकर खैरनारचा धंदा. किल्ला फुगला की पोरांना आत सोडण्याआधी हा बूट काढतो, आत शिरतो आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने उड्या मारतो. टाय उडून नाकावर आपटत असतो. बघणारे तोंडावर हात धरून हसत असतात.

"टेस्टिंग," तो खाली उतरून सांगतो. "स्वतः वापरल्याशिवाय माल द्यायचा नाही."

आणि टाय कशाला, असं विचारलं तर म्हणतो, "कारखान्यात टाय साहेबांना. आता साहेब मीच."

आम्ही दोघं नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात होतो. मी स्टोअरला, तो ड्रॉइंग ऑफिसात. मूळचा नांदगावचा, अक्षर मोत्यासारखं, रेघ अशी सरळ की पट्टीने लाजावं. चारचौघांसारखा निवृत्त झाला असता, पेढे वाटले असते, संपला असता विषय. पण कंपनीने आम्हाला एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथे कोटातल्या एका माणसाने सांगितलं की आयुष्य जगायचं नसतं, डिझाइन करायचं असतं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पनीर खाल्लं आणि विसरून गेलो. खैरनारने मनावर घेतलं.

"वाघ," तो मला म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जॉब काढले आपण. आपलं ड्रॉइंग कुठंय?"

त्याने ते काढलं. मोठ्या कागदावर तीन वर्तुळं: धंदा, खेळ, आव्हान. तिन्ही जिथे एकमेकांत घुसतात तिथे सुबक अक्षरात लिहिलं, 'मी'. कागद इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर चिकटवला. बायकोने, म्हणजे सुनंदावहिनींनी, चष्मा लावून तो नीट वाचला आणि विचारलं, "अहो, यात मी कुठंय?"

मी समोर बसलो होतो. खैरनारने खरंच उठून कागद जवळून पाहिला. शोधत होता बिचारा. पुढच्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला.

मग आव्हानं सुरू झाली. दर महिन्याला नवीन. एक महिना डाव्या हाताने जेवायचं. नेमकं त्याच महिन्यात आमच्या फोरमनचं तेरावं आलं आणि भरल्या पंगतीत हा डाव्या हाताने वरणभात कालवत बसला. फोरमनच्या भावाने ताटावरून उठवायचं तेवढं बाकी ठेवलं. एक महिना पांडवलेणी उलट्या पावलांनी चढायची. पोहायला शिकला तेव्हा तलावात सगळी पोरं पाच-सहा वर्षांची आणि मध्ये हा, दंडांना नारिंगी फुगे लावून. एक महिना तक्रार करायची नाही असं ठरवलं. तो महिना फार वाईट गेला. रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचा आणि गप्प बसून चहा पिऊन जायचा. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

धंद्याचंही तसंच. पिंपळगाव बसवंतला कांद्याची एक रिकामी शेड घेऊन त्याने मोठ्यांसाठी खेळघर काढलं. विटीदांडू, लगोरी, आबाधाबी. दारावर स्वतः रंगवलेली पाटी: 'लहानपण परत मिळेल'. शेतकरी यायचे, वाचायचे, आत डोकावून विचारायचे, "इथं कांद्याला बारदान मिळतं का?" पुढे चार टवाळ लोक नियमित यायला लागले म्हणून तो हरखला, तर ते कोपऱ्यात तीनपत्ती खेळत होते. शेड बंद झाली. त्यातून मग हे जंपिंग आलं.

हे सगळं आम्हाला गंमत होती. घरच्यांना नव्हती. मुलगा निखिल तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. कुणी विचारलं, वडील काय करतात, तर पोरगं म्हणायचं, गावी असतात. त्याच्या लग्नात, पुण्याला, खैरनारने हौसेने दोन्हीकडच्या मंडळींची रस्सीखेच लावली. वरपक्ष जिंकला आणि व्याह्यांच्या कमरेत उसण भरली. आशीर्वाद द्यायला त्यांना दोघांनी धरून उभं केलं. त्या दिवसापासून निखिलने बापाशी बोलणं टाकलं. नातू झाला तेव्हा सुनंदावहिनी बाळंतपणाला म्हणून पुण्याला निखिलकडे गेल्या, त्या तिथेच राहिल्या. आठवड्याला फोन करायच्या. औषध घेतलं का, दुधाची पिशवी कोण आणतं, एवढंच.

"तिचंही काही ड्रॉइंग असेल," खैरनार म्हणायचा. मला त्याच्या त्या ड्रॉइंगचा अशा वेळी संताप यायचा.

गेल्या वर्षी निखिल बदली होऊन नाशकात आला. गंगापूर रोडला मोठा फ्लॅट. आई बरोबर होतीच. इंदिरानगरहून रिक्षाने अर्धा तास लागत नाही. खैरनारने घर झाडून घेतलं, गादीवर नवीन चादर घातली.

"येतील," म्हणाला. "सामान लावत असतील अजून."

कितीही मोठा फ्लॅट असला तरी सामान लावायला इतके महिने लागत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यालाही कळत होतं.

अशात एका कार्यक्रमवाल्याकडून त्याला बुकिंग आलं. गंगापूर रोडचं लॉन, वाढदिवस, संध्याकाळी. त्याचा मदतनीस लग्नाला गेला होता म्हणून मला बरोबर घेतलं. सलीमभाईच्या टेम्पोतून आम्ही किल्ला उतरवला, खुंट्या ठोकल्या, हवा भरायचा पंखा सुरू केला. किल्ला हळूहळू उभा राहिला आणि त्याच्या पलीकडे, स्टेजवर, माणसं बॅनर बांधताना दिसली. 'आरव पाच वर्षांचा झाला'. शेजारी फोटो. आई-वडिलांच्या मध्ये पोरगं. वडील म्हणजे निखिल.

मी खैरनारकडे पाहिलं. तो फोटोकडे पाहत होता.

"चल," मी म्हणालो. "हवा काढू. त्या कार्यक्रमवाल्याला सांगू, मशीन बिघडलं."

"मशीन चांगलं आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात निखिल आला. आम्हाला पाहून जागच्या जागी थांबला. मग इकडेतिकडे बघत जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, हे काय? तुम्हाला कुणी सांगितलं इथे यायला?"

"बुकिंग आहे."

"मला माहीत नव्हतं, मी सगळं कार्यक्रमवाल्यांकडेच सोपवलंय. प्लीज बाबा, आज नको. माझे साहेब येणारेत, ऑफिसचे सगळे लोक येणारेत. मी त्यांना..."

"काय सांगितलंयस त्यांना? गावी असतो?"

निखिलने वळून फाटकाकडे पाहिलं.

"मग मी गावीच आहे," खैरनार म्हणाला. "हा जंपिंगवाला आहे. तू जा, पाहुणे बघ."

त्याने गळ्यातला टाय सोडला, घडी करून खिशात ठेवला आणि बाह्या दुमडल्या. जंपिंगवाले टाय लावत नसतात. त्या पोराच्या कानाखाली एक वाजवावी असं माझ्या मनात आलं. पण बापच इतक्या नीट कामाला लागला होता की मी मुकाट्याने पंख्यापाशी जाऊन बसलो.

पाहुणे आले. साहेब आले, फोटो झाले. पोरांनी किल्ल्यावर गर्दी केली. खैरनार एकेकाचे बूट काढून ओळीत मांडत होता, मोठ्यांना एका बाजूला, छोट्यांना दुसऱ्या बाजूला करत होता. कुणीतरी बाई सुनंदावहिनींना म्हणाल्या, "काकू, काका नाही आले?"

"ते कामात आहेत," वहिनी म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्या स्वतः ताट घेऊन आमच्याकडे आल्या. मला एक दिलं, त्याला एक दिलं. त्याच्या ताटात गुलाबजाम नव्हता. साखर आहे त्याला. आजूबाजूला पाच-पन्नास माणसं.

"जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "गार होईल."

"हो," तो म्हणाला.

जंपिंगवाल्यालाही असंच म्हणतात आणि नवऱ्यालाही. ऐकणाऱ्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वहिनी क्षणभर उभ्या राहिल्या, पदराने हात पुसले आणि गेल्या.

केक कापायची हाक आली तशी पोरं धावली. आरव मात्र वरच्या टोकाला अडकून बसला होता. उतरायची भीती वाटत होती.

"अंकल, मला काढा ना."

खैरनार गुडघ्यांवर आत गेला. काखेत हात घालून त्याने पोराला उचललं, बाहेर आणलं आणि लगेच खाली ठेवलं नाही. मग ठेवलं. समोर बसून बूट चढवायला लागला.

"अंकल, तुम्ही रोज हेच खेळता?"

"रोज."

"मज्जा आहे तुमची! माझे बाबा कधीच खेळत नाहीत."

"लहान आहेत ते अजून," खैरनार बुटाचा पट्टा लावत म्हणाला. "मोठे झाले की खेळतील."

आरवला हे फार विनोदी वाटलं. हसत हसत तो स्टेजकडे पळाला. तिकडे टाळ्या सुरू झाल्या. खैरनारने वर पाहिलं नाही. पंखा बंद केला नि हवा काढायला किल्ल्यावर आडवा झाला. दोन्ही हात पसरून, पोटावर. किल्ला त्याच्याखाली खचत गेला. सगळी हवा गेली तरी तो उठेना, तेव्हा मी जाऊन खांद्याला हात लावला. "झालं का?" असं म्हणत तो उठला आणि घडी घालायला लागला.

परत येताना टेम्पोत आम्ही तिघं पुढे बसलो होतो. सलीमभाई दोनदा बोलायला गेला, मी त्याला खुणेने गप्प केलं. मुंबई नाक्याला सिग्नल लागला. खैरनार आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहत होता.

"वाघ," तो म्हणाला, "पोराला वजनच नाही रे. नीट खात नसेल."