पहिल्या लेंडीचं स्मारक

एका जंगलात रोही फार माजले होते. रोही म्हणजे नीलगाय, बाळांनो. नावात गाय आहे म्हणून हात जोडायला जाऊ नका. लाथ घालते.

रोह्यांची एक रीत असते. ते वाटेल तिथे घाण करत नाहीत. सगळा कळप एकाच जागी येऊन लेंड्या टाकतो. ढीग वाढत जातो. ढीग जितका उंच, तितकं घराणं थोर. हसताय काय? माणसं चबुतरे बांधतात, ते तरी काय वेगळं असतं?

तर रोही त्या जंगलात आले, त्याला शंभर पावसाळे होत आले होते. कळपाचा पुढारी दमाजीराव. मानेवर आयाळ, डोक्यात हवा. तो म्हणाला, "पहिल्या वसाहतीची शताब्दी झाली पाहिजे. आपले मूळपुरुष बयाजीबाबा नदी ओलांडून आले. इथे चिटपाखरू नव्हतं. बाबांनी पहिली लेंडी टाकली आणि जंगल वसलं. त्याच जागी स्मारक करायचं."

स्मारक कसलं, तर ढीगच. शताब्दीच्या दिवशी कळपानं ओळीनं यायचं आणि आपापली श्रद्धा वाहायची. त्यानंतर रोज सकाळी.

पण ती जागा कोणती, हे एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून बगळ्याला विचारलं. बगळा जंगलाचा इतिहासकार. दमाजीरावाच्या पाठीवरच्या गोचिडी खाऊन जगायचा, त्यामुळे अभ्यास दांडगा.

"ऐनाच्या झाडाखाली, साहेब," बगळा म्हणाला.

"पुरावा?"

"सपाट आहे. वाटेला लागून आहे. वाघसाहेब प्रमुख पाहुणे, त्यांना फार चालवत नाही."

"मग तीच," दमाजीराव म्हणाला.

आता त्या ऐनाखाली सगुणाबाई साळिंदर राहायची. म्हातारी. दात झिजलेले, नख्या बोथट. तिच्या बिळाला तोंड एकच. त्या तोंडावर तीनशे रोह्यांची श्रद्धा पडली की कारभार आटोपला. आणि दुसरं बीळ खणायची ताकद अंगात उरली नव्हती.

साळिंदर दिवसा झोपतं. सगुणाबाई मात्र भर दुपारी डोळे चोळत निघाली. शताब्दीची समिती टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली बसली होती. ती दमाजीरावाची रोजची बैठक. अख्ख्या जंगलात तेवढीच गार सावली. तिथे दुसऱ्या कोणी बूड टेकलं तर शिंग बसायचं.

"दमाजी, माझ्या दारात का रे हगताय?" सगुणाबाईनं विचारलं.

समिती दचकली. बगळा म्हणाला, "आजी, त्याला अभिवादन म्हणतात."

"नाव काहीही ठेव. येणार तर माझ्या दारातच ना? आणि चिटपाखरू नव्हतं म्हणे! तुमचा बयाजी आला तेव्हा जीभ लोंबत होती त्याची. माझ्या पणजीनं त्याला झरा दाखवला. ती याच ऐनाखाली राहत होती."

सगळे खो खो हसले. एका तरुण रोह्याला तर हसता हसता उचकी लागली.

"आजी, कागदोपत्री तुमची पणजी नाही," बगळा म्हणाला.

"मग पाणी कोणी दाखवलं?"

"पाणी बाबांनी शोधलं."

"तुझ्या चोचीत किडे पडोत."

बगळ्याला तो आशीर्वादच वाटला. त्यानं मान लववली.

दमाजीराव मात्र पुढारी होता. म्हातारी रडत फिरली तर समारंभाला गालबोट लागेल, हे त्याला कळत होतं. तो गोड आवाजात म्हणाला, "आजी, तुम्ही जंगलात सगळ्यांत वडीलधाऱ्या. शताब्दीला मंचावर या. जागा तुमच्याच तोंडून जाहीर करा. तुमचा सत्कार करू."

सगुणाबाईनं मोहाच्या सावलीकडे पाहिलं. गार वारा येत होता.

"येते की," ती म्हणाली.

शताब्दीचा दिवस उजाडला. झाडून सगळा कळप जमला. सकाळपासून सगळ्यांनी श्रद्धा रोखून धरली होती. पोटं तडतडत होती. वाघसाहेब खडकावर बसले होते. ते श्रोत्यांकडे इतक्या प्रेमानं पाहत होते, की पुढच्या रांगेत कोणी बसेना.

दमाजीरावानं सगुणाबाईला पळसाच्या पानांची शाल पांघरली. शालीची चाळण झाली. हातात कवठ दिलं. मग तो गरजला, "आजीबाईंचा शब्द म्हणजे पुरावा! त्या सांगतील तीच बाबांची जागा! यापुढे कोणी शंका काढायची नाही!"

टाळ्या झाल्या. सगुणाबाई पुढे झाली.

"माझ्या पणजीनं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते," ती म्हणाली. "बयाजीबाबा पाणी पिऊन तट्ट फुगले. ऐनाखाली आले. बसले. आणि काही होईना."

कळप गलबलला. रोखून धरलेल्यांना ते दुःख कळत होतं.

"मग बाबा उठले. टेकाड चढले. मोहाच्या झाडाखाली गेले. गार वारा लागला, आणि तिथे मोकळे झाले. जंगल वसलं ते मोहाखाली."

"बाबांचा विजय असो!" कळप ओरडला.

दमाजीरावाचे कान पडले. "नाही, नाही! आजींचं वय झालंय. त्यांना आठवत नाही!"

"साहेब," बगळा हळूच म्हणाला, "शंका काढायची नाही असं आत्ताच ठरलं."

"तू गप रे!"

वाघसाहेबांनी जांभई दिली. सगळे दात दिसले. "कुठेही करा, पण लवकर. मला जेवायचंय."

यानंतर चर्चा झाली नाही. कळप टेकाडाकडे धावला. पहिला मान दमाजीरावाचा. तो आपल्याच बैठकीकडे पाठ करून उभा राहिला आणि डोळे मिटून त्यानं मान घेतला. मागून तीनशे आले. बगळ्यानं नोंद केली की वातावरण भारावलेलं होतं.

सगुणाबाई घरी जाऊन झोपली. आठ दिवसांनी कोणीतरी बिळाशी फुरफुरलं. दमाजीराव होता. उन्हानं काळवंडलेला, अंगावर माश्यांचं मोहोळ.

"आजी, एकदा सांगा ना की चूक झाली. सावली गेली हो माझी."

"सांगते की," सगुणाबाई आतूनच म्हणाली. "पण बोलायला उभी राहिले की सगळंच सांगेन. बयाजी आला तेव्हा इथे कोण होतं, पाणी कोणी दाखवलं, सगळं. चालेल?"

दमाजीरावानं शेपटीनं माश्या वारल्या. त्या पुन्हा बसल्या.

"राहू द्या," तो म्हणाला. "वासाची सवय होते."

तात्पर्य : खरं बोलून कोणाचं बीळ वाचत नाही. वाचवायचंच असेल तर समोरच्याचे पूर्वज उचलून त्याच्याच उशाशी नेऊन ठेवावेत. मग तो नाक दाबून का होईना, रोज नमस्कार करतो.