घोरपड, दोन चंद्र आणि न झालेली लढाई

आयुष्यात मला दोनच गोष्टी उत्तम जमतात. एक म्हणजे कीर्तन ऐकणं, आणि दुसरी, गाडी बनवणं! गाडी म्हणजे रस्त्यावरची नव्हे हं. त्या गाडीत मला मागच्या सीटवर बसूनसुद्धा मळमळतं. मी बनवतो त्या व्हिडिओ गेममधल्या गाड्या. परग्रहावर चालणाऱ्या, सहा चाकांच्या, डोक्यावर तोफ मिरवणाऱ्या!

आमचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. खाली पंक्चर निघतात, वर आम्ही ग्रह बनवतो. त्या ग्रहावर माझी गाडी. कड्याला चिकटून सरसर वर जाते म्हणून तिचं नाव घोरपड.

आता लोकांना वाटतं, गेममधली गाडी म्हणजे काय, बटण दाबलं की पळाली! अहो, पळते तर कुणीही पळवेल. गाडी चालवायची मजा वेगात नसते, ती वजनात असते. चाक दगडावर चढलं की आधी नाक वर जायला हवं, मग अंग, मग शेपूट. आणि चालवणाऱ्याची नजर या सगळ्यामागून एक श्वास उशिरा यायला हवी. तो एक श्वास जमवायला मी किती दिवस घालवले हे माझ्या बायकोला विचारा. जेवताना मी ताटातल्या वाटीवरून चमचा चढवून बघायचो. “नाक आधी, नाक आधी,” असं पुटपुटायचो. शेवटी तिनं वाटीच उचलून नेली.

तर अशी ही घोरपड. आणि एका सकाळी आमच्या दादांनी बाँब टाकला. दादा म्हणजे ऑफिसचे मालक. वयानं थोडे मोठे, काळजीनं फार मोठे.

“उद्या बाई येतायत,” दादा म्हणाले. बाई म्हणजे आमच्या गेममध्ये पैसे घालणाऱ्या. “गाडीतली भटकंती आणि गाडीतली लढाई, दोन्ही त्या स्वतः खेळून बघणार. आवडलं तर गाडी राहील.”

“आणि नाही आवडलं तर?”

“गाडी काढून टाकायची. खेळाडू पायी फिरेल.”

“पायी? दादा, अहो एवढं मोठं वाळवंट!”

“बूट चांगले देऊ की त्याला.”

 छाती पुढे काढून मी म्हणालो, “दादा, तुम्ही निर्धास्त झोपा. बाई गाडीतून उतरायचं नाव घेणार नाहीत!”

हे वाक्य मी खरंच बोललो. साक्षीदार आहेत.

भटकंती माझ्याकडे होती, लढाई ऑफिसातल्या तोफताईकडे. तोफताई दिसायला अगदी शांत, चष्म्याची दोरी गळ्यात, टेबलावर निगुतीनं वाढवलेलं मनीप्लांट. पण कीबोर्डला हात लागला की हिच्या अंगात ज्वालामुखी येतो! ज्या खेळात दर मिनिटाला काही फुटत नाही तो खेळ नव्हेच, असं तिचं स्वच्छ मत.

“बुवा,” ती मला म्हणायची (माझ्या कीर्तनाच्या वेडामुळे ऑफिसात मी बुवाच), “तुझं भटकणं संपतं कधी?”

“ताई, तुझं फोडणं थांबतं कधी?”

आमचं भांडण एवढंच. पण त्यात एक खरी जखम होती. घोरपड एका कड्यावर चढते. वर पोचलं की समोर अख्खी दरी उघडते. खाली काचेच्या झाडांचं जंगल, वर आकाशात एक लहान आणि एक थोराड असे दोन चंद्र, आणि त्यांच्या मधून गेलेली धुळीची फिकट कमान. चित्र आमचंच आहे, मला त्यातला रंग न् रंग माहीत आहे. तरीही पहिल्यांदा घोरपड तिथे थांबवली तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले.  एवढं मोठं कुणीतरी मांडून ठेवलंय आणि आपण नुसतं बघायला आलोय, असं वाटलं.

आणि तेवढ्यात मागून धडाम! तोफताईचा रणगाडा!

कीर्तनात आख्यान ऐन रंगात आलंय, टाळ थांबलेत, सगळी माणसं श्वास रोखून बसलीत, आणि मागच्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल खणखणावा, अगदी तसं झालं. मला ते सोसवलं नाही. मी गुपचूप एक नियम घातला. कड्यावर, चंद्रांवर, जंगलावर एक खूण लावली. ती खूण असलेलं काही चालवणाऱ्याच्या नजरेसमोर आलं की संगीत हळूच चढणार आणि शत्रूनं गोळीबार थांबवायचा. नुसता थांबवायचा नाही, त्यानंही वळून तिकडे बघायचं! शत्रू झाला म्हणून काय, त्याला डोळे नाहीत?

ताईला मी सांगणार होतो. चहाच्या वेळी सांगणारच होतो! पण शेवटचं बिस्किट कुणी खाल्लं यावरून विषय निघाला आणि राहून गेलं.

इकडे ताईनं काय केलं? तिनं एकदा माझा कडा बघितला. ते चढत जाणारं संगीत तिला भयंकर आवडलं. माझ्या स्फोटांना हेच हवं, म्हणून तिनं ती खूण उचलली आणि आपल्या प्रत्येक स्फोटाला लावली. मग रणगाड्यांना लावली. मग राक्षसाला. राक्षस म्हणजे तिचं लाडकं यंत्र, डोंगराएवढं, तीन पायांवर चालणारं. तिला वाटलं, खुणेनं फक्त संगीत वाजतं. आणि तीही मला सांगणार होती म्हणे. बिस्किटानं दोघांचाही घात केला!

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. केस पांढरे, चाल तुरतुरीत. दादांनी स्वागताचं भाषण सुरू केलं.

“बोलू नका,” बाई म्हणाल्या. “मी खेळते, तुम्ही बघा.”

त्यांनी कंट्रोलर हातात घेतला आणि घोरपड निघाली. वा! काय निघाली! वाळूच्या टेकडीवर बाई खुर्चीतल्या खुर्चीत मागे झुकल्या, उतारावर पुढे. एका खडकावर नाक चढलं तेव्हा त्यांनी स्वतःची हनुवटी वर केली. मी ताईला कोपरानं ढोसलं. ती पुटपुटली, “थांब, माझे रणगाडे येऊ देत.”

बाई कड्यावर पोचल्या. दरी उघडली. संगीत चढलं. बाईंच्या तोंडून नुसतं “अगं आई” एवढंच निघालं, आणि त्यांनी गाडी थांबवली. 

मग टेकडीमागून ताईचे रणगाडे आले. धूळ उडवत, तोफा रोखत, दात विचकत! आले, आणि घोरपडीच्या शेजारी ओळीनं थांबले. तोफा हळूच वळल्या. चंद्रांकडे.

“हे कोण?” बाईंनी विचारलं.

“शत्रू,” दादा म्हणाले.

“काय करतायत?”

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

“बघतायत,” दादा म्हणाले.

“काय बघतायत?”

“चंद्र.”

“लढाई लाव गं!” दादा दात आवळून ताईला कुजबुजले. ताईनं आपल्या मशीनवरून आणखी एक तुकडी सोडली. तीही आली, रांगेत लागली. आणखी एक सोडली. तिला पुढे जागा मिळेना, तर ती मागे उभी राहून तोफा उंचावून बघू लागली!

“गर्दी फार आहे,” बाई म्हणाल्या. “हॉर्न कुठे आहे याला?” आणि त्यांनी हाताला लागेल ते बटण दाबलं.

ती तोफ होती.

शेजारचा रणगाडा फुटला! काय फुटला म्हणून सांगू! नारंगी, मग निळा, मग पांढरा, आणि ठिणग्या दरीत अशा अलगद उतरल्या की मीही आ वासला. संगीत चढलं. सगळं सैन्य गर्रकन वळलं आणि आपल्याच भावाच्या स्फोटाकडे भक्तिभावानं बघत बसलं. धूर विरला तेव्हा ते एकमेकांना दिसले. रणगाड्यांनाही खूण! मग काय, ते एकमेकांकडे बघू लागले.

ताईचा चेहरा मनीप्लांटसारखा हिरवा झाला. “बुवा,” ती म्हणाली, “ती खूण नक्की काय करते?”

मी कानात सांगितलं.

“मेले!” ती म्हणाली, आणि घाईघाईत राक्षसालाच बोलावलं.

राक्षस आला. मित्रांनो, मी हे यंत्र शेकडो वेळा बघितलंय, पण त्या दिवशी त्याचं पहिलं पाऊल पडलं तेव्हा खालच्या दुकानातलं सायकलची रिंगसुद्धा खणखणली असेल. एक पाय दरीत, एक कड्यावर, आणि तिसरा थोरल्या चंद्राला झाकत हळूहळू वर उचललेला, थेट घोरपडीच्या डोक्यावर! माझी घोरपड त्या पायाखाली एवढीशी दिसत होती. मी डोळे मिटले.

काहीच आवाज आला नाही. डोळे उघडले तर राक्षसाचा पाय हवेतच! त्याला समोर स्वतःचं सैन्य दिसलं होतं आणि तो ते निरखत होता. उचललेला पाय खाली टेकवायचीही शुद्ध त्याला नव्हती.

बाईंनी घोरपड सावकाश त्याच्या पायाखाली नेली आणि वर बघितलं. तळव्याचे बोल्ट, त्यांत अडकलेली काचेची पानं, तेलाचे ओघळ. “केवढं बनवलंय हो!” त्या पुटपुटल्या. तोफताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं काम इतक्या जवळून कुणी बघितलंच नव्हतं. एरवी लोक ते उडवून पुढे जातात.

मग बाईंनी गाडी वळवली. समोर फक्त मोकळी वाळू. चंद्र मागे, राक्षस मागे, सैन्य मागे. नजरेसमोर खूण असलेलं काहीच उरलं नाही. आणि सगळ्या तोफा एकदम कडाडल्या!

“अगं बाई!” बाई ओरडल्या आणि त्यांनी गाडी गर्रकन फिरवली. समोर सैन्य. शांत. दर्शनाला उभं.

परत पाठ केली. धडाडधूम! तोंड फिरवलं. शांत!

बाईंनी चष्मा नीट केला. “अच्छा,” त्या म्हणाल्या. त्यांना नियम कळला होता! आणि त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली. सैन्याकडे तोंड करून त्या उलट्या निघाल्या. मध्येच मान वळवून रस्ता बघायच्या, की सुटल्या गोळ्या! कट मारायचा, परत तोंड फिरवायचं, आणि या फिराफिरीत गाडी सैन्याला वळसा घालून पुन्हा दरीकडे सरकत होती! खुर्ची गरगरत होती, बाई खदखदून हसत होत्या, दादांनी माझा दंड धरला होता, मी ताईचा, ताईनं मनीप्लांटचा.

“मागे बघा!” मी किंचाळलो. “मागे कडा संपतो!”

घोरपड कड्यावरून गेली.

त्या ग्रहावर वजन कमी. त्यामुळे ती कोसळली नाही, तरंगत गेली. उलटीपालटी, अगदी सावकाश. खिडकीत लहान चंद्र आला, मग जंगल, मग थोरला चंद्र. आणि वर कड्याच्या काठावर सगळं सैन्य ओळीनं उभं, राक्षस अजून एक पाय हवेत धरून, सगळे तोफा खाली झुकवून तिचं पडणं बघत होते. कुणी गोळी झाडली नाही. काचेच्या झाडांवर किणकिण झाली आणि घोरपड सहाही चाकांवर उतरली. आधी नाक, मग अंग, मग शेपूट.

बाईंनी कंट्रोलर खाली ठेवला. 

“बाई, माफ करा,” दादा म्हणाले, “लढाई अशी नसते, म्हणजे असायला नको होती, ही चूक...”

“माझी आहे,” मी म्हणालो. “एवढं सुंदर दिसताना कुणी गोळी झाडावी हे मला बघवलं नाही. मीच थांबवलं.”

“आणि मी वाढवलं,” ताई म्हणाली.

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. “इतके गेम खेळले,” त्या म्हणाल्या, “पण शत्रूच्या शेजारी उभं राहून चंद्र बघायला आजच मिळाला. हे काढलंत तर बघा! आणि गाडी राहू दे.”

दादा मटकन खाली बसले. मी मनातल्या मनात लोटांगण घातलं. घोरपड वाचली!

“फक्त एक करा,” दारातून बाई म्हणाल्या. “गाडीतून उतरता आलं पाहिजे. इतकं सगळं असताना काचेआडून काय बघायचं?”

एवढीशी सूचना. आम्ही आनंदानं दार बसवलं आणि गेम पहिल्यांदा बाहेरच्या लोकांना खेळायला दिला. सगळ्यांनी एकच केलं. जेमतेम कड्यापर्यंत गाडी आणली, दार उघडलं, खाली उतरले, आणि घोरपडीच्या टपावर चढून बसले. शेजारी रणगाडे. कुणी परत आत जाईना! तक्रार फक्त एक आली, सगळ्यांची तीच. टप फार कडक आहे.

दादांचा हुकूम लगेच सुटला. त्यामुळे ज्या हातांनी मी त्या गाडीचं नाक, अंग आणि शेपूट एका श्वासात बसवलं, ते हात सध्या तिच्या डोक्यावर गादी शिवतायत. ताई म्हणते, लोड पण दे रे, रणगाड्यांनाही टेकायला होईल!