बाकावरचे मास्तर

अर्ज कसा भरावा हे थोरल्याकडून शिकावं, असं खुद्द थोरल्याचंच मत होतं. विमा कचेरीत वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज चुका काढून परत पाठवण्यात घालवली होती त्याने! त्यामुळे वडील गेल्यावर आई म्हणाली, "बागेत यांच्या नावाचं एक बाक ठेवू या रे," तेव्हा त्याने लगेच पेन काढलं.

वडील कवायतीचे मास्तर. शिट्टी घरातही गळ्यात! बसलेला माणूस दिसला की त्यांच्या पोटात दुखायचं. बेचाळीस वर्षांच्या संसारात आई त्यांच्याशेजारी कधी निवांत बसलीच नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा दोघं उभीच!

"आता तरी पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसेन म्हणते," आई म्हणाली. थोरल्याला भरून आलं.

अर्जात शेवटचा रकाना होता : 'दिवंगतांचे आवडते वाक्य'. थोरल्याने प्रामाणिकपणे भरला. ते वाक्य बाकावर कोरलं जाईल, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं. बारीक अक्षरं वाचत जा, असं जगाला बजावणाऱ्या थोरल्याने ती वाचलीच नाहीत!

महिन्याभराने बाक आलं. काय ते गुळगुळीत लाकूड! पाठीला पितळी पाटी, पाटीवर वडिलांचं नाव आणि खाली ठसठशीत अक्षरांत : 'बसलात काय? उठा!'

पिशव्या घेऊन दमलेल्या एक बाई टेकल्या, मागे वळून पाटी वाचली आणि "सॉरी हं" म्हणून उठल्या. एका पेन्शनरांनी तर उठून चार बैठकाही मारल्या. एक प्रेमी जोडपं दचकून दोन दिशांना पळत सुटलं, ते बागेला फेरी मारूनच परत भेटलं!

"साहेब, डबा खायला बसलो की तुमचे वडील ओरडतात हो!" माळी रडकुंडीला आला होता.

थोरला धावत बागेच्या अधीक्षकांकडे गेला. "ती पाटी बदला!"

"बदलू? अहो, लोळणारे गेले, सगळी बाग चालायला लागली! तसल्या आणखी बारा पाट्या सांगितल्यात. मीसुद्धा हल्ली उभ्यानेच सह्या करतो!"

आता आईला काय सांगायचं? रविवारी ती निघालीच.

"आई, बाग आज बंद आहे," थोरला फाटकात म्हणाला. तेवढ्यात दहा माणसं त्याला ढकलून आत गेली.

आई तडक बाकाशी गेली. चष्मा लावला. पाटी वाचली. तिची हनुवटी थरथरायला लागली. थोरल्याने रुमाल काढला, तर आई हसत होती!

"अगदी त्यांचाच आवाज रे!" ती म्हणाली. मग ऐसपैस बसली, पाय पसरले आणि नेमकी पाटीलाच पाठ टेकली. "बेचाळीस वर्षं ऐकलं. आज नाही उठत, जा!"

थोरल्याचे डोळे भरले. तोही हळूच तिच्याशेजारी बसला.

"तू काय बसलास?" आई म्हणाली. "ऊठ! प्यायला पाणी आण."