गेली, म्हणजे कुठे गेली?

मुद्रितशोधकांची बायको जाऊन अकरा दिवस झाले, तेव्हा त्यांच्या गाडीने रीतसर चौकशी केली. "शेजारची सीट अकरा दिवस रिकामी आहे. सहप्रवासी कुठे आहेत?"

गाडी नव्या पद्धतीची होती. बसणाऱ्याचं वजन, चालवणाऱ्याचा वेग, गाडीतलं बोलणं, सगळं ती कंपनीला कळवत असे. मुद्रितशोधकांनी चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. विचारलेल्या प्रश्नाला ते सरळ उत्तर देत.

"ती गेली," ते म्हणाले.

"पत्नी गेली. नोंद केली. कारण?"

"काय सांगू? काही न बोलताच गेली."

"नोंद केली."

त्याच आठवड्यात दोन वकिलांनी घटस्फोटासाठी आणि एका विवाहमंडळाने पुढच्या लग्नासाठी संपर्क साधला. विमा कंपनीने त्यांना 'कौटुंबिक कलहातील चालक' ठरवून राग आवरण्याच्या वर्गाला बसवलं. ते निमूट बसले. तुमचा राग फारच खोल आहे, वर दिसतसुद्धा नाही, असा शेरा मिळाला.

शेवटी ते कंपनीच्या कार्यालयात गेले. काचेच्या टेबलामागे ग्राहक समाधान अधिकारी बसली होती.

"एका शब्दाची दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "'गेली' आहे तिथे 'वारली' करा."

अधिकारी मुलीने पडद्यावर फाईल उघडली. त्यात एक ओळ होती: 'अहो, हळू', दोन हजार नऊशे चौदा वेळा. मुद्रितशोधक त्या ओळीकडे बघतच राहिले. समोर फोन धरला की बायको तोंड मिटून घ्यायची. घरात तिचे फोटो होते. आवाज कुठेच नव्हता.

"तिचा आवाज आहे तुमच्याकडे?"

"चार वर्षांचा आहे, काका."

"मला द्या."

"नाही देता येणार. गोपनीय आहे."

"कोणी ऐकलाय?"

"आम्ही, विमा कंपनी आणि आमचे एकशे बारा भागीदार. बाहेरच्या कुणीच नाही."

"मी बाहेरचा?"

"तुम्ही नवरा, काका. भागीदार नाही."

शिवाय कंपनीच्या नोंदीप्रमाणे बाई घर सोडून गेलेली. तिचा आवाज नवऱ्याच्या हाती देणं म्हणजे तिचा माग काढायला मदत करणं. स्त्रियांच्या सुरक्षिततेबाबत कंपनी फार कडक होती.

"अगं पोरी, ती वारली!"

"तसं त्यांनी स्वतः येऊन लिहून द्यावं लागेल."

मुद्रितशोधकांनी मृत्यूचा दाखला दिला. पडताळणी समितीने तो तीन आठवडे तपासला आणि शंका काढली: दाखल्यानुसार बाई मृत आहेत, मात्र त्यांचा फोन रोज सकाळी दूध आणायला जातो.

तो फोन मुद्रितशोधकांच्या खिशात असायचा. समितीसमोर त्यांनी तो बंद केला. त्याला दहा मिनिटं लागली. बटण एकच होतं.

दुरुस्ती झाली. 'गेली' काढून 'वारली' लावलं गेलं.

"अभिनंदन, काका," अधिकारी मुलगी म्हणाली. "मृत व्यक्तीला गोपनीयता लागू नसते. आता हा आवाज कंपनीचा झाला. पुढच्या महिन्यापासून सगळ्या नव्या गाड्या काकूंच्या आवाजात 'अहो, हळू' म्हणतील. चाचणीत लोकांनी लगेच वेग कमी केला."

"सगळ्या गाड्या?"

"सगळ्या. तुम्हालाही ऐकता येईल, इतरांसारखंच. पहिल्यापासून लावू?"

त्यांनी मान हलवली. पहिलं ध्वनिमुद्रण गाडी घेतली त्या दिवसाचं होतं.

"अहो, जन्मभर दुसऱ्यांचं वाचलंत, हे आपलं तरी वाचा! एकोणनव्वद पानं आहेत."

मग त्यांचाच हसरा आवाज आला. "अगं, कोण वाचतं हे? सगळेच नुसतं 'मान्य' दाबतात."

आवाज थांबला. पडद्यावर पाटी आली: 'पुढचं ऐकण्यासाठी सोबतच्या एकशे चाळीस पानांच्या अटी मान्य करा.' मुद्रितशोधकांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि 'मान्य' दाबलं.

त्यांना किती वेळ लागला याची नोंद कंपनीकडे आहे. दीड सेकंद. तुम्हाआम्हाला मागच्या वेळी याहून कमी लागला होता.