दोन देशांचे दोन पाय

चार वर्षांच्या बालकांचे सांस्कृतिक क्षितिज फारच संकुचित असते, ही गोष्ट बालवाडीच्या व्यवस्थापन समितीच्या ध्यानी एकदाची आली. बालकांना भारतीय आणि मेक्सिकन अशा दोन्ही परंपरांतील नृत्यांचा परिचय करून द्यावा, असा ठराव एकमताने संमत झाला. समितीत एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याने चहा दोनदा फिरला आणि दोन्ही नृत्ये शिकलेल्या एका तरुण बाईंची नेमणूक झाली. मुले त्यांना नाचताई म्हणू लागली.

नाचताईंनी पहिल्या दिवशी भाषण केले नाही. त्यांनी पायांत घुंगरू बांधले आणि सपाट पावलांनी जमिनीवर ठेका धरला. मग घुंगरू सोडून जाड टाचांचे बूट चढवले, रुंद घेराचा झगा दोन्ही हातांनी पंख्यासारखा फिरवला आणि तोच ठेका टाचांनी वाजवून दाखवला.

"समुद्र ओलांडून गेलं तरी जमीन बोलतेच," त्या म्हणाल्या. "आपण फक्त पायांनी हाक मारायची."

मुलांनी अशा काही हाका मारल्या की फळ्याच्या कडेवरचे खडू खाली आले.

त्या दंग्यात घोरपड तेवढी नव्हती. घोरपड म्हणजे वर्गातली सर्वांत लहान मुलगी. शाळा सुरू झाल्यापासून ती खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावून उभी असे आणि कितीही ओढले तरी सुटत नसे, म्हणून वर्ग सांभाळणाऱ्या मावशींनी लाडाने हे नाव ठेवले होते. स्नेहसंमेलनापर्यंत ती मुलांत मिसळली नाही, तर तिला वर्षभर घरीच ठेवावे लागेल, असे मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिच्या आईला सांगून ठेवले होते.

"नाच नाही आला तरी चालेल हो ताई," आई नाचताईंना म्हणाली होती. "तेवढी भिंत सुटू दे."

आणि एके दिवशी नाचताईंनी पाहिले: पाठ भिंतीलाच होती, पण घोरपडीची एक टाच ठेका धरत होती. नाचताईंनी मान मुद्दाम दुसरीकडे वळवली. पाखरू दाणे टिपत असताना टाळ्या वाजवू नयेत, एवढे त्यांना कळत होते.

समितीला मात्र पालक प्रतिनिधींकडून निराळेच कळले. "आमचा मुलगा घरभर नाचतो, पण नेमका कोणत्या देशाचा नाच करतो ते समजत नाही. ही सरमिसळ झाली!"

तक्रार गंभीर होती. समितीने विचारान्ती उजवा पाय भारताला आणि डावा मेक्सिकोला प्रदान केला. त्यानुसार उजव्या पायात घुंगरू आणि डाव्या पायात टाचेचा बूट आला, आणि सगळा वर्ग शिस्तीने लंगडू लागला.

यावर, उजवाच पाय आधी का, असा आक्षेप आला. मानापमान टाळण्यासाठी दोन्ही पाय एकाच क्षणी उचलावेत आणि एकाच क्षणी टेकवावेत, असा सुधारित आदेश निघाला. मुलांना तो फार आवडला. आजवरचा हा एकमेव आदेश होता, ज्याचे पालन त्यांनी मनापासून केले.

दुसऱ्या उडीला खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तोंडावरची पट्टी न काढताच वर आले.

"बाई, मी अक्कलदाढ काढत होतो! वरून धप्प झालं आणि शेजारचा धडधाकट दात माझ्या हातात आला!"

"अरेरे! पेशंट काय म्हणतात?" मोठ्या बाईंनी विचारले.

"त्यांना अजून बोलता येत नाहीये."

समिती तातडीने बसली. नृत्याला कोणाचाच विरोध नव्हता. पाय जमिनीला लागण्याला होता. तेव्हा पाय अधांतरी राहतील अशा उंच खुर्च्यांवर मुलांना बसवावे आणि पडद्यावर दोन्ही नृत्ये दाखवावीत, तीही आवाज बंद ठेवून, असे ठरले.

"अहो, पण जमिनीशिवाय नाच कसा होईल?" नाचताई कळवळून म्हणाल्या. "आणि ती छोटी आत्ता कुठे टाच उचलायला लागली होती!"

"ताई, आपण नाच कुठे शिकवतोय? आपण परिचय करून देतोय," मोठ्या बाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "कुणाशी ओळख झाली म्हणून आपण लगेच त्यांच्या घरी राहायला जातो का?"

संमेलन अपूर्व झाले. दातांचे डॉक्टर प्रमुख पाहुणे होते. पडद्यावर झगे निःशब्द फिरले, घुंगरू निःशब्द वाजले. मुले हाताची घडी घालून निश्चल बसली होती. घोरपडही बसली होती, पाठ खुर्चीला घट्ट चिकटवून. भिंतीला चार पाय फुटले होते, एवढाच काय तो फरक. पालकांनी मोबाइल उंचावून ती शांतता टिपून घेतली आणि उभे राहून टाळ्या वाजवल्या.

"मुलगी समूहात पूर्ण मिसळली!" मोठ्या बाईंनी मंचावरून जाहीर केले. ते सत्यच होते. सगळा वर्गच आता घोरपड झाला होता.

मुले घरी निघाली, तेव्हा नाचताई दारापाशी खाली वाकल्या आणि त्या मुलीच्या कानात एवढेच म्हणाल्या, "घरची जमीन वाट बघतेय गं."

संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. मुलीची आई हलक्या आवाजात बोलत होती. "ताई, ऐका. ती खोलीच्या मधोमध उभी आहे. भिंत सोडून! फोन जमिनीवर ठेवते हं."

नाचताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. आधी एक पाऊल वाजले. मग दुसरे. मग दोन्ही पाय एकमेकांशी बोलू लागले, आणि कोणता पाय कोणत्या देशाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मध्येच एक खुदकन हसू आले.

एवढ्यात ठक्, ठक्, ठक्! खालून कुणीतरी छताला झाडूचा दांडा ठोकला. चिमुकली पावले धावत गेली, आणि मग काहीच ऐकू येईना.

"गेली भिंतीला," आई म्हणाली.

"खाली राहतं तरी कोण?" नाचताईंनी विचारले.

"चांगली माणसं आहेत हो. आज संमेलनात पहिल्या रांगेत होती, सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या. संध्याकाळी कथा वाचत बसतात, तेव्हा त्यांना वरचा आवाज चालत नाही."

वाचकहो, कथा संपली. आता तो झाडू जागेवर ठेवावा, ही नम्र विनंती.