अडकलेला खण

चष्मा खणात आणि खण कपाटात अडकला, तेव्हा सभा तोंडावर आली होती. हिशेबराव घामाघूम झाले. त्यांचं खरं नाव इमारतीत कुणालाच आठवत नसे. शेजारच्याचा दिवा दिवसा जळताना दिसला तरी यांच्या पोटात दुखायचं, म्हणून हिशेबराव. आज ते खाली सभेत भाषण ठोकणार होते. विषय, घरातल्या मारहाणीचा नवा कडक कायदा आणि जनतेच्या पैशाची उधळपट्टी.

"एका फोनवर गाडी, पोलीसबाई, डॉक्टरीण, वर समुपदेशिका! काय तमाशा आहे?" तालीम करता करता त्यांनी खणाला हिसका दिला. खण ढिम्म. मग मात्र त्यांनी कपाटाला लाथ घातली. "आज तुझं हाड न् हाड मोकळं करतो!"

"अहो, नका हो मारू!" बायको कळवळली. कपाट तिच्या माहेरचं होतं.

भिंतीपलीकडच्या आजींनी एवढंच ऐकलं आणि फोन उचलला.

थोड्याच वेळात भाषणातली सगळी मंडळी साक्षात दारात उभी!

"मी कपाटाला मारत होतो!"

"परवा एक जण म्हणाला, गादी झटकत होतो," पोलीसबाई म्हणाल्या. "काका, तुम्ही बाहेर थांबा. काकूंशी आम्ही एकांतात बोलणार. कायदाच आहे तसा."

दार लागलं. हिशेबरावांनी कान लावला.

"हात नाही हो उचलत कधी," बायकोचा आवाज आला. त्यांचा जीव भांड्यात पडला. "पण..."

त्या 'पण'नंतर बाई थांबेचना. तुला काही त्रास आहे का, असं लग्नानंतर तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. पंखा बंद, पाहुणे बंद, साबणाच्या चिपट्या जोडून नवा साबण... डॉक्टरीणबाई खो खो हसत होत्या. समुपदेशिकेने तर चहाच टाकला. खाली गाडीचं इंजिन घुरघुरत होतं आणि प्रत्येक घुरघुरीला हिशेबरावांचं काळीज तुटत होतं.

त्यांनी दारावर थाप मारली. "अहो, पेट्रोल जळतंय!"

"बघा! हे असं!" आतून बायको म्हणाली.

शेवटी दार उघडलं. "खालचा खण आधी लोटायचा असतो, काका," म्हणत पोलीसबाईंनी चष्मा त्यांच्या हातात ठेवला आणि मंडळी खाली गेली.

हिशेबराव भाषणाचे कागद घेऊन तणतणत निघाले, तोच वरच्या मजल्यावरची बाई दबकत जिना उतरली. कधी कुणाशी बोलत नसे ती. छातीशी पिशवी, गालावर वळ.

"काका, मी फोन केला होता मघाशी. ते म्हणाले, गाडी एकीकडे अडकलीय."

"कुठे अडकलीय?" हिशेबरावांनी फणकाऱ्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, हिला आत घे! कडी लाव!" बायकोला ओरडून सांगत ते जिना उतरले. एक चप्पल जिन्यातच राहिली. सभेला जमलेली मंडळी आ वासून बघत होती आणि आजचे वक्ते कागद फडकावत गाडीमागे धावत होते.

"थांबा! मागे फिरवा!"

पोलीसबाईंनी डोकं बाहेर काढलं. "आता काय, काका? दुसरा खण?"

"वर चला. खरं काम आहे." हिशेबरावांना धाप आवरेना. ड्रायव्हरचा हात किल्लीकडे गेला तसे ते खेकसले, "बंद कशाला करतोस? जळू दे पेट्रोल!"