गव्हाचा गेटपास

भांडुपच्या आमच्या चाळीत कुणीही जेवायला बोलावलं की धुरीकाका पानावर बसण्याआधी थेट स्वयंपाकघरात शिरत, पातेल्यावरचं झाकण उचलत आणि विचारत, "ह्याका गेटपास आसा काय?" कारखान्याच्या गेटवर जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाला, पण गेट काही डोक्यातून गेलं नाही. आता त्यांचा चोर एकच, गहू.

चपाती, पाव, बिस्किटं, सगळ्याला बंदी. वाण्याकडे हिंगाच्या डबीवरून अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "हो बाबा, कणीक असते हिंगात!" झालं. महिनाभर काका ती डबी चाळीत मिरवत होते. मला तर हा माणूस निव्वळ भंपक वाटायचा.

आणि ही सगळी नाटकं नातीसाठी. सून नोकरीला, म्हणून सुमीचं खाणंपिणं काकांकडे. आठ वर्षांची पोर दिसायची पाचाची, हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढे. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे! गव्हाने कधी कुणी आजारी पडतं?

आमच्याकडे सत्यनारायण होता. काका तीर्थ घ्यायला वळले तेवढ्यात मी सुमीला आत ओढलं. साजूक तुपातला, गव्हाच्याच रव्याचा शिरा. तिने मान हलवली, ओठ गच्च मिटले. "अगं, प्रसादाला नाही म्हणू नये," म्हणत मी चमचा आत सरकवलाच. वर शेजारणींना सांगितलंही, बघा, काही होत नाही.

पुढचे चार दिवस सुमी जुलाब-उलट्यांनी आडवी होती.

काका आले. आता तमाशा करणार म्हणून मी पदर खोचून तयार होते. ते उंबऱ्यावरच बसले.

"वैनी, पोटात पण पहारेकरी आसतत. गव्हात जो चिकटपणा आसा ना, तेकाच ते चोर समजतत. शिटी वाजली की सगळे धावान येतत. पण मार चोराक बसणा नाय, घराच्याच भिंतीक बसता. आतड्याक आतून टावेलासारखी लव आसता, ती सपाट होता. मग खाल्लेला अंगाक लागतला कसा? आणि एकदा चेहरो बघल्यानी की इसरणत नाय."

"एक चमचाच तर दिला हो," मी म्हटलं. तेव्हाही माझी जीभ नरम पडली नाही.

"मी वाटी वाटी दिलंय," काका म्हणाले. "डॉक्टरांका कळायच्या आधी. पोर अंग धरणा नाय म्हणान रोज दुधात चपाती कुस्करून. ती आणखी सुकायची, मी आणखी भरवी. तोंड गच्च मिटून धरी, वैनी. मी नाक दाबून भरवलंय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खरो पहारो तीच देय होती."

मला माझी लाज वाटली. माझ्या चमच्यासमोरही तिने ओठ मिटले होते, हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.